थोड्या दिवसांसाठी उपनगरात परवडणारं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणाची बदली झालेली असते, कुणाच्या घरात फरशी उखडलेली असते, कुणाचं माणूस दवाखान्यात असतं. कारणं निरनिराळी, पण दोन-तीन महिन्यांसाठी घर शोधायला निघालं की प्रश्न तेच पडतात. मी स्वतः पाच वेळा अशी घरं घेतली आणि ओळखीपाळखीत बऱ्याच जणांना शोधून दिली. त्यातून पुन्हा पुन्हा समोर आलेले प्रश्न इथे एकत्र केलेत.

थोड्या मुदतीचं म्हणजे नेमकं किती दिवसांचं?

घरमालकांच्या डोक्यात याचे तीन कप्पे असतात. महिन्याच्या आत राहणारा तो पाहुणा: दर रात्रीचा, चादरी-टॉवेल मालकाचे, नियम हॉटेलसारखे. तीन महिन्यांच्या पुढे राहणारा तो भाडेकरू: करार, अनामत, वीजबिल सगळं त्याच्या गळ्यात. मधले एक ते तीन महिने मात्र कुणालाच नको असतात. पाहुणा म्हणावं तर इतके दिवस हॉटेलचा दर परवडत नाही, भाडेकरू म्हणावं तर मालक म्हणतो, ‘एवढ्यासाठी कोण कागदपत्रं करत बसणार?’ आणि विचारणारे बहुतेक जण नेमके याच मधल्या कप्प्यातले असतात. पुढची उत्तरं मुख्यतः त्यांना धरून लिहिली आहेत.

दोन महिन्यांसाठी मागितलं की भाडं एवढं का चढतं? मालक लुबाडतात का?

काही जण लुबाडतात. पण बऱ्याचदा त्यामागे साधा हिशेब असतो आणि तो समजला तर घर शोधायची दिशाच बदलते.

वर्षाच्या करारावर एखाद्या घराचं महिन्याचं भाडं १०० आहे असं धरा. मालकाला वर्षाला १,२०० मिळतात. आता तेच घर तो तीन-तीन महिन्यांसाठी देतो आणि प्रत्येक भाडेकरूनंतर ते महिनाभर रिकामं राहतं. म्हणजे वर्षातले नऊच महिने भाडं येतं. तेवढ्यात १,२०० उभे करायचे तर महिन्याला १३३ घ्यावे लागतात. दोन-दोन महिन्यांसाठी दिलं आणि मध्ये एकेक महिना रिकामा गेला, तर आठ महिन्यांत तेच १,२०० म्हणजे महिन्याला १५०. शिवाय दर वेळी साफसफाई, किल्ल्या, नव्या माणसाची चौकशी. रिकामं घर मालकाला खातं, आणि तो खर्च तो तुमच्या भाड्यात आधीच घालून ठेवतो.

यातून एक गोष्ट निघते. जे घर *तसंही* दोन महिने रिकामं राहणार होतं, तिथे हा हिशेब लागूच होत नाही. तिथे तुमच्याकडून मिळेल ते मालकाला वरकमाईच असते. स्वस्त घर म्हणून शोधू नका. तुमच्या तारखांना रिकामं पडणारं घर शोधा. स्वस्ताई त्याच्या मागोमाग येते.

अशी घरं सापडतात कुठे?

मालमत्तेच्या संकेतस्थळांवर क्वचितच. तिथे ‘किमान ११ महिने’ किंवा ‘किमान १ वर्ष’ असं आधीच लिहिलेलं असतं आणि तुमचा फोनही उचलला जात नाही. पुढच्या ठिकाणी मला आणि इतरांना घरं मिळाली आहेत.

पहिलं आणि माझं आवडतं: विक्रीला काढलेलं घर. मालक दुसरीकडे राहायला गेलेला असतो, घर बंद असतं, गिऱ्हाइकाला चार-सहा महिने लागणार असतात. वर्षाचा भाडेकरू त्याला चालत नाही, कारण विकताना घर रिकामं हवं. तुमचे दोन महिने त्याला बरोबर बसतात. एकदा मी असं घर घेतलं. अट एकच होती: दर रविवारी सकाळी ११ ते १ या वेळात लोक घर बघायला येणार आणि तेव्हा घर आवरलेलं हवं. आठ रविवार मी अंथरूण-पांघरूण कपाटात कोंबून, ओट्यावरचा पसारा लपवून बाहेर फिरून आले. भाडं बाजारभावापेक्षा बरंच कमी होतं. शेवटच्या आठवड्यात घर विकलं गेलं आणि मालकांनी उरलेल्या सहा दिवसांचे पैसे न मागता परत दिले.

दुसरं: दोन भाडेकरूंमधली फट. जुना भाडेकरू गेला, नवा ठरलाय पण दोन महिन्यांनी येणार. एजंटांना अशा फटी माहीत असतात. पण तुम्ही तोंडाने ‘गॅप’ किंवा ‘मधले दोन महिने’ असं म्हटल्याशिवाय त्यांना सुचत नाही. ‘स्वस्तात घर आहे का?’ असं विचारलं तर ‘नाही’च येतं.

तिसरं: सुट्टीत घरी गेलेले विद्यार्थी. उपनगरात कॉलेज किंवा विद्यापीठ असेल तर लांब सुट्टीत खोल्या आणि छोटे फ्लॅट ओस पडतात, आणि बऱ्याच विद्यार्थ्यांना त्या महिन्यांचंही भाडं भरावं लागतंच. कॉलेजच्या सूचनाफलकावर आणि विद्यार्थ्यांच्या गटांत बघा. मालकाची लेखी परवानगी आहे का हे मात्र तपासा. त्याबद्दल पुढे आहे.

चौथं: परगावी किंवा परदेशी मुलाकडे गेलेली ज्येष्ठ मंडळी. त्यांना पैशापेक्षा घरात कुणीतरी असण्याची, झाडांना पाणी मिळण्याची गरज जास्त असते. अशी घरं जाहिरातीत येत नाहीत. ती शेजाऱ्यांकडून, वॉचमनकडून, वाचनालयातल्या बाईंकडून कळतात. म्हणून शक्य असेल तर त्या भागात एक पूर्ण दिवस पायी फिरा. जिथे पडदे ओढलेले आहेत आणि बाल्कनीत कपडे नाहीत, त्या इमारतीच्या खाली विचारून बघा. संकोच वाटतो, पण चार ठिकाणी नकार आला की तोही जातो.

घरांची अदलाबदल हाही एक मार्ग आहे. तुम्ही माझ्या घरात राहा, मी तुमच्या. इंटरव्हॅक ही संस्था १९५३ पासून हेच करते. युरोपातल्या शिक्षकांनी लांब सुट्ट्यांसाठी ती सुरू केली होती. तुमचं स्वतःचं घर राहण्याजोगं असेल तरच याचा उपयोग, हे उघड आहे.

दवाखान्यासाठी राहायचं आहे. वेगळं काही आहे का?

आहे, आणि घर शोधण्याआधी तेच विचारावं. मोठ्या रुग्णालयांच्या समाजसेवा विभागाकडे आसपासच्या धर्मशाळा, ट्रस्टच्या खोल्या आणि नातेवाइकांसाठीची निवासस्थानं यांची यादी असते. आजारी मुलांच्या कुटुंबांसाठी असलेल्या ‘रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस’चं पहिलं घर १९७४ मध्ये फिलाडेल्फियात सुरू झालं, आज अशी घरं अनेक देशांत आहेत. चौकशी पहिल्याच दिवशी करा, कारण बहुतेक ठिकाणी प्रतीक्षायादी असते.

घराला आग, पूर किंवा मोठी गळती लागल्यामुळे बाहेर पडावं लागलं असेल तर विम्याची कागदपत्रं काढून बघा. घराच्या बऱ्याच विम्यांत पर्यायी निवासाचा खर्च धरलेला असतो आणि लोकांना ते माहीतच नसतं.

शहरापेक्षा उपनगर स्वस्त पडतंच का?

भाडं स्वस्त पडतं. राहणं स्वस्त पडेलच असं नाही.

शहरातल्या घराचं महिन्याचं भाडं १०० आणि उपनगरातलं ७० असं धरा. कामाचे दिवस २२. रोजचं जाणं-येणं १ ने जास्त पडत असेल तर ७० चे झाले ९२. रोजचे दोन तास जास्त गेले तर महिन्याचे ४४ तास, म्हणजे कामाचा अख्खा एक आठवडा प्रवासात. वर्षभराच्या घरात माणूस हळूहळू वाट शोधतो, सोबती शोधतो, पास काढतो. दोन महिन्यांत तेवढा वेळच मिळत नाही.

मी एकच आकडा काढते: एका रात्रीचा. भाडं, दलाली, वीज-पाणी, इंटरनेट, साफसफाईचे पैसे, जास्तीचा प्रवास, आणि तिथे गेल्यावर विकत घ्यावी लागणारी बादली-गादी-भांडी. या सगळ्याची बेरीज करा आणि राहण्याच्या रात्रींनी भागा. दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी असेल तर वर्षाच्या करारात ती बारा महिन्यांवर पसरते, दोन महिन्यांच्या घरात मात्र दरमहा अर्धं भाडं वाढवते. स्वस्त वाटलेली घरं या भागाकारात पटापट गळतात.

उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत भाडं ठेवा, असं सगळीकडे वाचायला मिळतं. हा आकडा मूळचा अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या नियमांतला: १९६९ मध्ये २५ टक्के, १९८१ मध्ये ३०. दोन महिन्यांच्या घराला त्याचा फारसा उपयोग नाही, कारण बहुतेकांचं मूळ घराचं भाडं किंवा हप्ता चालूच असतो. तुम्ही काही काळ दोन छपरांचे पैसे भरणार आहात, हे गृहीत धरूनच बजेट करा.

‘स्टेशनपासून १० मिनिटं’ यावर विश्वास ठेवावा का?

कशाने १० मिनिटं, ते विचारा. माझ्या एका घराची दहा मिनिटं मालकाच्या स्कूटरवरची होती. पायी पस्तीस लागत. उपनगरात अजून दोन गोष्टी बघाव्या लागतात: रात्रीची शेवटची गाडी किंवा बस किती वाजता आहे, आणि रविवारी फेऱ्या किती असतात. आठवड्यात दर वीस मिनिटांनी येणारी बस रविवारी तासाला एक होते, हे दवाखान्यात ये-जा करणाऱ्यांना फार महागात पडतं.

ॲपवरून घ्यावं की थेट मालकाकडून?

महिन्याच्या आत राहायचं असेल तर ॲप. तक्रार करायला कुणीतरी असतं, पैसे अडकत नाहीत.

महिन्यापेक्षा जास्त असेल तर दोन्ही बघा. एअरबीएनबीसारख्या घर बुक करण्याच्या ॲपवर २८ रात्री झाल्या की तो मुक्काम महिन्याचा धरला जातो आणि अनेक मालकांनी लावलेली मासिक सवलत तिथे सुरू होते. त्यामुळे २६ रात्री हव्या असतील तर २८ टाकून बघा. एकूण रक्कम कधी कधी *कमी* येते. पण त्याच २८ रात्रींपासून रद्द करण्याचे नियमही कडक होतात. तारखा पक्क्या नसतील तर सवलत मिळवायच्या नादात महिन्याचं भाडं बुडायचं. आधी रद्द करण्याची अट वाचा, मग आकडा.

ॲपवर भेटलेला मालक ‘बाहेरून करू, शुल्क वाचेल’ असं म्हणाला तर पहिल्या वेळी नको. शुल्क वाचतं हे खरं, पण त्याबरोबर संरक्षणही जातं.

एजंट करावा का?

महिन्या-दीड महिन्यासाठी शक्यतो नको, दलालीच परवडत नाही. तीन महिन्यांपुढे करायला हरकत नाही, पण दलाली मुदतीच्या प्रमाणात घेणार का हे आधी ठरवून घ्या. काही एजंट सरळ ‘हो’ म्हणतात. त्यांना तुमच्यात उद्याचा वर्षाचा भाडेकरू दिसत असतो.

किती दिवस आधी शोध सुरू करावा?

वर्षाच्या घरासाठी दोन महिने आधी. थोड्या मुदतीच्या घरासाठी मात्र फार लवकर शोधून हाती काही लागत नाही, कारण घर रिकामं पडणार हे मालकालाच तीन-चार आठवडे आधी कळतं. शोध महिनाभर आधी सुरू करा आणि शेवटच्या दहा दिवसांसाठी जोर राखून ठेवा. तारखा चार दिवस पुढेमागे करता येत असतील तर पहिल्याच फोनवर सांगा. महिन्याच्या मध्यापासून राहायला येणारा भाडेकरू मालकाला बरा वाटतो, कारण बाकी सगळे १ तारखेला येतात आणि अर्धा महिना फुकट जातो.

शाळा-कॉलेज सुरू होण्याआधीचे आठवडे टाळता आले तर टाळा.

अख्खा फ्लॅट घ्यावा की खोली?

एकट्याला सहा आठवड्यांपर्यंत खोली पुरते. इंटरनेट, भांडी, कपडे धुण्याचं यंत्र सगळं लागलेलं मिळतं, आणि एका रात्रीचा आकडा जवळजवळ नेहमी खोलीचाच कमी येतो. पण फोनवर काम करणाऱ्यांनी, रात्रपाळीवाल्यांनी आणि आजारी माणूस सोबत असणाऱ्यांनी यात पडू नये.

फर्निश्ड, सेमी-फर्निश्ड म्हणजे काय समजायचं?

ज्याला जे वाटेल ते. पंखे आणि ट्यूबलाइट असलेल्या घराला ‘सेमी’ म्हटलेलं मी पाहिलंय. एका ‘फुल्ली फर्निश्ड’ घरात पाच खुर्च्या होत्या, चमचा एकच. वस्तूंची यादी मागा आणि ती कराराला जोडा. थोड्या मुदतीसाठी खरं तर चारच गोष्टी अडतात: झोपायला गादी, अन्न शिजवायला शेगडी, अन्न टिकवायला फ्रिज आणि गरम पाणी. सोफा, टीव्ही, शोकेस यांचे पैसे भरू नका. या चार गोष्टी असलेलं अर्धवट घर शोधा आणि पडदे म्हणून जुनी चादर लावा. दोन महिन्यांत कोण बघायला येणार आहे?

कपडे धुण्याचं यंत्र फोटोत आहे म्हणजे ते तुमच्यासाठी आहे असं नाही. माझ्या एका घरात ते कुलूप लावलेल्या खोलीत होतं आणि कुलपाची किल्ली मालकाच्या बहिणीकडे.

घर बघायला गेल्यावर काय बघायचं?

वीस मिनिटं द्या आणि मालक बोलत असताना हात चालू ठेवा.

आत शिरताच सगळे नळ एकदम उघडा. न्हाणीघर, ओटा, बेसिन, सगळे. दाब किती पडतो, पाणी कुठे तुंबतं, सुरुवातीला गंज येतो का, हे मिनिटभरात कळतं. कमोडचं पाणी सोडून टाकी भरायला किती वेळ लागतो ते बघा. गिझर आत गेल्या गेल्या सुरू करा आणि निघताना पाण्यात हात घाला. गॅसवर चालणारा गिझर बंद न्हाणीघरात असेल आणि हवा खेळायला झरोका नसेल तर घर सोडा, भाडं कितीही कमी असो. अशा गिझरमधून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसाला कळायच्या आत गाठतो.

मग गादी. चादर पूर्ण उचलून गादीच्या शिवणीला बोट घालून ती फाकवा, विशेषतः उशाकडच्या कोपऱ्यांत. काळे बारीक ठिपके, शाईच्या पेनाने टिंबं दिल्यासारखे, दिसले तर ती ढेकणांची विष्ठा. पूर्ण वाढलेला ढेकूण जेमतेम पाच मिलिमीटरचा, तो स्वतः दिवसा दिसायचा नाही, ठिपके दिसतात. पलंगाच्या लाकडी सांध्यांवर मोबाइलची बॅटरी मारा. थोड्या मुदतीच्या घरांत माणसं आणि बॅगा सतत बदलतात, म्हणून हा धोका इथे जास्त. आणि हे लोढणं तुम्ही परत जाताना स्वतःच्या घरी घेऊन जाता.

फोन हातात घेऊन प्रत्येक खोलीत जा आणि एक कॉल लावून बघा. मोठ्या कपाटामागची भिंत ओली आहे का, ते तळवा टेकवून कळतं. ताज्या रंगाचा वास एकाच भिंतीला येत असेल तर त्या भिंतीला ओल आहे असं समजा.

शक्य असेल तर संध्याकाळी सातनंतर पुन्हा एकदा खालून चक्कर मारा. रस्त्यावर दिवे आहेत का, शेजारी मंगल कार्यालय आहे का, हे दुपारी कळत नाही.

प्रत्यक्ष जाता येत नाही. फोटोंवरून घ्यावं का?

फोटोंवरून नको, व्हिडिओ कॉलवर घ्या. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ नव्हे, चालू कॉल. मालकाला इमारतीच्या बाहेरून सुरुवात करायला सांगा: पाटी, जिना, दाराचं कुलूप, मग आत. नळ उघडायला सांगा, खिडकीतून बाहेर दाखवायला सांगा. ज्याच्याकडे किल्लीच नाही तो इथेच थांबतो.

तरीही खात्री नसेल तर पहिले तीन-चार दिवस जवळच्या लॉजमध्ये काढा आणि तिथून घरं बघा. तीन रात्रींचा जास्तीचा खर्च चुकीच्या दोन महिन्यांपेक्षा कमीच होतो.

फसवणूक कशी ओळखायची?

खुणा ठरलेल्या आहेत. भाडं आजूबाजूपेक्षा निम्मं. मालक परदेशात, किंवा नुकतीच बदली झालेला. घर बघायच्या आधी टोकन. ‘आज आणखी दोघं बघून गेलेत’ ही घाई. आणि गप्पा फक्त चॅटवर.

फोटो उचलून गुगल लेन्समध्ये, म्हणजे फोटोवरून शोधणाऱ्या ॲपमध्ये, टाका. तेच फोटो दुसऱ्या शहराच्या जाहिरातीत निघाले तर विषय संपला. घराच्या कराची पावती किंवा वीजबिल मागा, त्यावरचं नाव आणि ज्या खात्यात पैसे जाणार त्याचं नाव जुळतं का बघा. मालकाने तुम्हाला पैसे *पाठवायचे* म्हणून कोड स्कॅन करायला किंवा पिन टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

ओळखपत्राची प्रत द्यावीच लागली तर त्यावर आडवं ‘फक्त अमुक पत्त्याच्या भाडेकरारासाठी’ आणि तारीख लिहून द्या.

दोन महिन्यांसाठी करार हवाच का?

हवाच. एक पान पुरे, पण त्यावर दोघांची नावं, पत्ता, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, भाडं, अनामत आणि ती किती दिवसांत परत मिळणार, वीज-पाण्याचं काय, लवकर सोडलं तर काय, आणि वस्तूंची यादी हे असू द्या.

नोंदणीचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी फक्त राहू देण्याचा) करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. मुदत थोडी आहे म्हणून त्यात सूट मिळत नाही.

कायद्याने इतक्या कमी मुदतीसाठी घर देता तरी येतं का?

जिथे राहणार तिथला नियम एकदा बघाच, कारण फरक फार मोठे आहेत. सिंगापूरमध्ये खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीला देताच येत नाही, सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या घरांना सहा महिन्यांची अट. न्यूयॉर्क शहरात सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांच्या आतल्या मुक्कामासाठी मालकाची नोंदणी हवी आणि पाहुणे असेपर्यंत तो स्वतः तिथे राहायला हवा. लंडनमध्ये पूर्ण घर परवानगीशिवाय वर्षात ९० रात्रींपर्यंतच देता येतं. जपानमध्ये २०१८ मध्ये लागू झालेल्या कायद्याने ही मर्यादा वर्षाला १८० दिवस केली.

हे नियम पर्यटकांना डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत आणि दोन महिन्यांचं घर शोधणाऱ्याला त्यांचा फायदाही होऊ शकतो. न्यूयॉर्कमध्ये नियम कडक झाल्यावर बऱ्याच मालकांनी किमान मुदत ३० दिवसांची केली. सिंगापूरमध्ये मात्र तुमचे दोन महिने थेट नियमाबाहेर पडतात, तिथे सर्व्हिस्ड अपार्टमेंट, म्हणजे हॉटेलसारखी सेवा असलेलं घरच बघावं लागतं.

इमारतीचे स्वतःचे नियम वेगळेच. मालक हो म्हणतो आणि गेटवर बॅगा अडवल्या जातात. इमारतीच्या समितीला कळवलंय का, हे मालकाला लेखी विचारून ठेवा.

अनामत किती द्यावी?

थोड्या मुदतीला एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त देऊ नये असं माझं मत आहे. कायद्यांचा कलही तिकडेच दिसतो: इंग्लंडमध्ये २०१९ पासून बहुतेक घरांना पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा आहे, न्यूयॉर्क राज्यात एका महिन्याची, कॅलिफोर्नियात जुलै २०२४ पासून बहुतेक मालकांना एका महिन्याची. भारताच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिने म्हटलंय, पण ज्या राज्याने तो स्वीकारला तिथेच तो लागू.

मालक अडून बसला तर अनामत कमी करून त्याऐवजी शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ द्यायची तयारी दाखवा. अडकलेली अनामत परत मिळवायला पुन्हा त्या गावी जावं लागतं, आणि दोन महिन्यांचा भाडेकरू पुन्हा येत नाही हे मालकालाही ठाऊक असतं.

वीज-पाण्याचं कसं ठरवावं?

‘सगळं धरून’ भाडं मिळत असेल तर घ्या, पण वर मर्यादा आहे का विचारा. मीटरप्रमाणे असेल तर पहिल्या दिवशी मीटरचा फोटो काढा, आकडा आणि मीटर क्रमांक दोन्ही दिसतील असा, आणि तिथल्या तिथे मालकाला पाठवा. मालकाने स्वतः बसवलेला उपमीटर असेल तर युनिटचा दर लिहून घ्या. त्यावर मालकांना थोडी वरकड लावायची सवय असते. अंदाजासाठी: दोन किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट.

इंटरनेटची नवी जोडणी दोन महिन्यांसाठी घेऊ नका, बसवण्याचा खर्च आणि किमान मुदत दोन्ही आड येतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागत असेल तर उत्तम.

भाडं कमी करून घेता येतं का?

येतं, पण ‘जरा कमी करा’ने नाही. मालकाचा त्रास कमी करा. रंग न लावता, आहे तसं घेईन. झाडांना पाणी घालीन. गिऱ्हाइकांना घर दाखवीन. सोडताना साफसफाई करून देईन. पूर्ण मुदतीचं भाडं आगाऊ दिलं तर बरीच सूट मिळते. हे हत्यार घर स्वतः बघून, करार हातात आल्यावरच काढा.

मालकाऐवजी भाडेकरूच घर देतोय. चालेल?

मूळ मालकाची लेखी परवानगी असेल तरच. ती नसेल तर पोटभाडेकरूला कुठलाच आधार नसतो आणि एके संध्याकाळी कुलूप बदललेलं सापडतं.

मुदत वाढली किंवा आधीच निघावं लागलं तर?

काम ठरल्या तारखेला संपत नाही, फरशीवाला तर नाहीच नाही. करारातच लिहून घ्या: पंधरा दिवस आधी कळवलं तर त्याच दराने दोन आठवड्यांपर्यंत वाढ. आधी सोडण्यासाठीही तेवढीच नोटीस. ‘लॉक-इन’ (ज्या काळात घर सोडताच येत नाही ती मुदत) हा शब्द करारात असेल तर ती मुदत तुमच्या एकूण मुदतीपेक्षा लहान आहे का बघा. छापील नमुन्यातून सहा महिन्यांचं लॉक-इन दोन महिन्यांच्या करारात तसंच राहून गेलेलं मी पाहिलंय.

घर सोडताना काय करायचं?

राहायला आलात त्या दिवशी, बॅगा उघडायच्या आधी, प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढलेला असेल तर फार काही नाही. नसेल तर देवावर हवाला. मला एकदा शेगडीच्या काचेला गेलेल्या तड्याचे पैसे मागितले. पहिल्या दिवशीच्या व्हिडिओत तो तडा होता, त्यावर एक फ्रिजचा मॅग्नेट चिकटवलेला होता, आणि मी तो मॅग्नेट सरकवून आवाजात ‘इथे तडा आहे’ असं म्हटलं होतं. तेवढं पाठवलं. अर्ध्या तासात अनामत खात्यात.

निघताना मीटरचा पुन्हा फोटो, किल्ल्या मोजून, आणि मालकासमोरच एक फेरी. मालक येत नसेल तर किल्ल्या कुणाकडे दिल्या ते लिहून, त्या माणसाच्या हातात किल्ल्या दिसतील असा फोटो. आणि फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, गादीखाली, दारामागच्या हुकवर एकदा बघा. चार्जर नेहमी पलंगामागच्या सॉकेटमध्ये राहतो.